कानात सांगितलेली नावं

सन १९३५. मी तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होतो, आणि दर मंगळवारी सकाळी एक म्हातारी माझ्या ओट्यावर येऊन फुटक्या भांड्यांच्या ढिगाला विचारायची, "काय ग बायांनो, आज कोण कोण आलंय?"

फुटकी भांडी उत्तर देत नाहीत. ते मला द्यावं लागायचं.

हे नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारीसोबत हाही भ्रमिष्ट. नाशकात आमची आळी तांबटांची. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत हातोड्यांचा ठणठणाट. आमच्याकडची माणसं 'जेवलास का' हेही भांडल्यासारखं विचारतात. कोणाला गुपित सांगायचं झालं तर उठून गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जावं लागतं. या सगळ्यात माझं काम शेवटचं. भांडं घडवणार एक, घासूनपुसून लखलखीत करणार दुसरा, आणि त्यावर नाव घालणार मी. लग्नात लेकीला हंडा दिला की त्याच्या काठाशी तिचं नाव, बापाचं नाव, गाव. छिन्नीच्या टोकानं, ठिपक्याला ठिपका लावून. हात हलला की तो हंडा जन्मभर भलत्याच बाईचा.

शिक्षण माझं मराठी दुसरी. तिसरीच्या मास्तरांचं नि माझं जमलं नाही, त्यात त्यांचं नुकसान झालं. अक्षर मात्र माझ्यासारखं उभ्या नाशकात नाही, हे मी सांगत नाही, भांडी सांगतात. एकदा एक शाळामास्तर हंडा परत घेऊन आले. म्हणाले, "भागीरथीतली गी दीर्घ पाहिजे." मी म्हटलं, "मास्तर, तिथं हंड्याला पोचा आहे. दीर्घ काढायला गेलो तर पाणी गळेल." मास्तर गेले. त्या हंड्यात अजून पाणी टिकतं. दीर्घाचं ते बघून घेतील.

नवी भांडी घ्यायला येणारे लोक जुनी फुटकी भांडी मोडीत देऊन जायचे. मंगळवारी त्यांचा ढीग माझ्या ओट्याशी पडायचा आणि बुधवारी भट्टीत जायचा. त्या भांड्यांवरही कधीकाळी कोणीतरी नावं घातलेली असायची. म्हातारीला वाचता येत नव्हतं. म्हणून ती पायरीवर पदर सावरून बसायची, आणि मी एकेक भांडं उचलून वाचायचो, "येसू. साळू. चिमा. गिरजा. हे काय, हां, ठकू."

प्रत्येक नावाला ती डोळे मिटून "हं" म्हणायची. ढीग संपला की विचारायची, "आणखी?"

"नाही."

"बरं." मग उठायची आणि उद्या भट्टीत जाणाऱ्या त्या भांड्यांना सांगायची, "बसा हं सुखानं."

हे वीस वर्षं चाललं होतं. मी कधी विचारलं नाही की ही नावं तुला कशाला हवीत. माझा स्वभावच नाही. एखाद्याला देवळात जायची सवय असते, हिला मोडीच्या ढिगाकडं यायची. आणि खरं सांगायचं तर, माझं वाचन इतकं मन लावून ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं.

ही बाई म्हणजे आत्याबाई. माझ्या ओट्याच्या वरच्या खोलीत एकटी राहायची. उंचीनं माझ्या खांद्याला, आवाज पितळी परात दगडावर आपटल्यासारखा. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, म्हणून मला "अरे दामू" म्हणणारी आळीत ती एकटीच उरली होती. बाकी सगळ्यांचा मी नाना. ती मात्र सगळ्यांची आत्याबाई. दूधवाला आत्याबाई म्हणे, गुरव म्हणे, साठीचे म्हातारे म्हणत. तिला दुसरं काही नाव असेल हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

दिवसभर कापसाच्या वाती वळायची आणि घाटावर विकायची. नवरा तरुणपणी सिंहस्थात बैराग्यांची मिरवणूक बघायला म्हणून गेला, तो मिरवणुकीतच गेला. मेल्याची खबर नाही, म्हणून हिचं कुंकू शाबूत. सासरच्यांनी वर्षभर वाट बघून हिला बाहेर काढलं आणि तिची लग्नातली भांडीकुंडी विकून टाकली. पुढच्या प्रत्येक सिंहस्थात आळीतल्या बायका तिला खोचून विचारत, "आत्याबाई, यंदा तरी येणार का हो?"

"येईना का मेला," ती म्हणायची. "राखच फासतो ना अंगाला? माझी चूल आहे, भांडी आहेत, आयती राख आहे. घासायला बसवते."

आता आत्याबाई हे नाव का पडलं ते सांगतो. बारशाला आत्या लागते. बाळाला पाळण्यात घातलं की आत्यानं वाकून त्याच्या कानात 'कुर्र' करायचं आणि नाव सांगायचं, आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालायचे. पण आमच्या आळीतल्या पोरांच्या आत्या कुठं घोटीला, कुठं सिन्नरला, कुठं मुंबईला दिलेल्या. बाराव्या दिवशी पोचणार कशा? मग हिला बोलवायचं. सवाष्ण, शेजारची, आणि पाठ दणकट. आळीतल्या अर्ध्या पोरांची नावं हिच्याच तोंडून कानात गेली होती. घुगऱ्या ओटीत घेऊन, पाठ चोळत जिना चढताना म्हणायची, "झालं. आणखी एक माझं झालं."

मुलगा असला की सांगितलेलं नाव निमूट घ्यायची. मुलगी असली की नाव ऐकून तिचं तोंड कडुनिंब चावल्यासारखं व्हायचं. कारण तेव्हा नव्या नावांची साथ आली होती. सुलोचना, नलिनी, कुसुम, मालती, शालिनी. ज्या घरात तीन पिढ्या गंगू आणि भिमा नांदल्या तिथं एकदम प्रमिला यायची.

"ही काय नावं झाली?" ती म्हणे. "ही फुलझाडं. पोरींना काय सकाळसंध्याकाळ पाणी घालायचंय?"

मी नव्या नावांच्या बाजूचा. माझं कारण साधं होतं. कुसुम घालायला दोन चिलमी ओढायचा वेळ लागतो, चंद्रभागेला दुपार जाते. पण हे कारण मी तिला सांगत नसे. मी म्हणायचो, "आत्याबाई, जमाना बदलला. तुझी ती येसू नि साळू गेली, आता परत येत नाहीत."

"येतात. लुगड्याचे काठ बघ. माझ्या लहानपणी रुंद होते, मग बोटभर झाले, आता तुझ्या सुनेचं बघ, पुन्हा वीतभर. नथीचं तसंच. बायकांच्या जवळचं काही कायमचं जात नाही रे, फक्त पेटीत तळाला जातं. पन्नास वर्षं थांब. तुझ्या कुसुम-मालत्या आज्या होतील, आणि त्यांच्या नाती म्हणतील, अगबाई, किती जुनाट नावं! आपल्या पोरीचं गोदा ठेवू, रखमा ठेवू, काहीतरी नवीन."

"पन्नास वर्षांनी तू असशील का?"

"मी नसेन. पण तू हरशील."

आमची सूनबाई या भांडणात मध्ये पडायची. हुशार मुलगी, वर्तमानपत्र वाचणारी. एकदा म्हणाली, "मामंजी, त्या जुन्या नावांना कसा जात्याचा वास येतो."

आत्याबाई वरून ऐकत होती. हातोड्यांच्या गदारोळातही हिला हवं ते बरोबर ऐकू यायचं. कठड्यावरून वाकून म्हणाली, "जात्याचा येतो म्हणजे पिठाचा येतो हो. तुझ्या नलिनीला कशाचा येतो? चिखलाचा!"

सूनबाई तेव्हा पोटुशी होती आणि मुलगी झाली तर नलिनी हे तिनं ठरवून ठेवलं होतं. ती रागानं आत गेली. मी हसलो, तेव्हा दुपारच्या आमटीत मीठ नव्हतं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग सुलोचनेची भानगड झाली.

समोरच्या शांताबाईची ही मुलगी, दीड वर्षाची, गोबरी. शांताबाई हाका मारून थकायची. "सुलोचना! सुलू! सुलोचने!" पोरगी ढिम्म. मातीत बोटं घालून बसलेली. शांताबाईनं धसका घेतला की पोर बहिरी आहे. आळीतल्या पोरांचे कान ठणठणाटानं जातात अशी अफवा आहे; माझा कान एकोणसाठाव्या वर्षी शाबूत होता, पण मला कोण विचारतो. वैद्य झाले. लसणीचं तेल कोमट करून कानात घातलं. पोरगी रडली, पण ओ देईना. शांताबाई रोज डोळ्याला पदर लावायची.

एके दिवशी दुपारी आत्याबाई घाटावरून आली. कनवटीला फुटाणे. समोरून जाता जाता, आपल्याच तंद्रीत, म्हणाली, "येसू ग! ये बाई."

आणि पोरगी उठली! दोन्ही हात वर करून, पडत धडपडत, थेट आत्याबाईच्या पायाशी.

शांताबाई दारात होती. तिच्या हातातलं सूप खाली पडलं. "आत्याबाई, काय म्हणालात?"

"कुठं काय?"

"येसू म्हणालात. कोण येसू?"

आत्याबाई आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली, आणि तीच चूक झाली. शांताबाईनं कमरेला पदर खोचला. दहा मिनिटांत आळीतल्या सगळ्या आया आपापल्या लेकींना बखोटीला धरून माझ्या ओट्यासमोर हजर. नाणं खोटं की खरं हे वाजवून बघतात तशी पोरींची परीक्षा सुरू झाली. पोरींना ओळीनं पाठमोरं उभं केलं.

"मालती!" आईनं हाक मारली. मालती नाक खाजवत राहिली.

"हं, आता तुम्ही मारा हाक," शांताबाई आत्याबाईला म्हणाली. "आणि खोटं बोलाल तर गंगेची शपथ."

आत्याबाईनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मग, माझा अंदाज आहे, तिला स्वतःलाच मोह आवरेना. परातीचा आवाज लावून तिनं सुरू केलं. "साळू!" मालती गर्रकन वळली. "चिमा!" प्रमिला वळली. "गिरजे!" शालिनी वळली आणि हसली. "ठके!" तेव्हा सगळ्यात मागची, पाच वर्षांची कुसुम, शेंबूड पुसत ऐटीत म्हणाली, "काय ग आत्याबाई?"

एकेक नाव, एकेक पोर. पलटणीच्या कवायतीसारखं. मला हसू दाबता दाबेना, हातातली छिन्नी खाली ठेवावी लागली. आळीतले हातोडेही थांबले होते.

उलगडा झाला. बाईनं इतकी वर्षं प्रत्येक मुलीच्या कानात सांगायला दिलेलं नाव सांगितलंच नव्हतं. 'कुर्र' केल्यावर पाठीत बुक्के पडायला लागले की त्या गलक्यात ती आपल्या मनाचं नाव कानात घालायची, आणि मग मान वर करून मोठ्यानं सगळ्यांना 'सुलोचना' सांगायची. पुढं रोज फुटाण्याबरोबर त्याच नावाची उजळणी. पोरींना वाटे आईचं नाव ते धपाट्याचं, आत्याबाईचं नाव ते फुटाण्याचं.

"आणि ही नावं आणली कुठून?" शांताबाईनं विचारलं.

आत्याबाईनं माझ्याकडं बोट केलं. "हा वाचतो."

आमच्या सूनबाईनं माझ्याकडं असं बघितलं की मी छिन्नी पुन्हा उचलली.

मोडीच्या भांड्यांवरची नावं हे कळल्यावर मात्र हसणं संपलं. "मेलेल्या बायकांची नावं?" एकजण किंचाळली. "भट्टीत घालायच्या भांड्यांवरची? आमच्या लेकरांच्या कानात?"

"मग कोणाच्या कानात घालू?" आत्याबाई म्हणाली. "हंडा वितळला की त्याची घागर होते, घागरीची परात होते. त्यातलं तांबं कुठं जात नाही. नाव कुठं जातं, सांगा ना मला. बाई गेली, भांडं गेलं, मग नावानं कुठं जायचं? कुठंतरी ठेवायला नको? मी आपलं जागा दिसली तिथं ठेवलं."

मला हे पटलं होतं. पण तेव्हा मी बोललो नाही, हे लिहून ठेवतो.

निकाल लागला: आत्याबाईला यापुढं कोणाच्या बारशाला बोलवायचं नाही. तिनं कनवटीचे फुटाणे सगळ्या पोरींना वाटले, नावं न घेता, आणि जिना चढून गेली.

त्या मंगळवारी ती खाली आली नाही. पुढच्याही नाही. मी ढीग बुधवारी न वाचताच भट्टीत पाठवला. मला वाटलं होतं वेळ वाचेल. नाही वाचला.

त्यात सूनबाई बाळंत झाली. मुलगी. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडंच. माझा मुलगा गणपत देवळाली कॅम्पात नोकरीला, तो घरी येऊन नाव कायम करून गेला: नलिनी. बारसं सोमवारी. आत्या म्हणजे माझी लेक, सायखेड्याला दिलेली, तीही त्याच आठवड्यात बाळंत. आता कानात सांगणार कोण?

"आळीतली कोणी सांगेल," सूनबाई म्हणाली. "ती एक सोडून."

बारशाच्या आदल्या बुधवारी भट्टी दुरुस्तीला काढली, म्हणून ढीग ओट्यावरच राहिला. मी कामाला बसलो, पण लक्ष लागेना. वर कठड्याशी खोलीचं दार बोटभर उघडं दिसत होतं. मी तिला बोलवायला जाणार नव्हतो, मी कोणाच्या दारात जात नाही. पण स्वतःच्या ओट्यावर मोठ्यानं वाचायला मला कोणाची चोरी? मी एक तपेली उचलली आणि आळीला ऐकू जाईल असं वाचलं, "मथुरा!"

दार दोन बोटं उघडलं.

"काशी! तुळसा!" मग एक कळशी हाताला आली, तांब्याची, काठाला खोल पोचा. घासून घासून अक्षरं पुसट झाली होती, पण मी ओळखली. ती माझ्या बापाच्या हाताची होती. 'ग'चा पाय असा बाहेर काढणारा दुसरा माणूस झाला नाही. मी वाचलं, "सगुणा. वडील कोंडाजी, सायखेडे."

वर वातींची टोपली पडली. जिन्यावरून कापूस आधी आला, मागून आत्याबाई.

"परत वाच."

"सगुणा. वडील कोंडाजी..."

तिनं कळशी माझ्या हातातून घेतली. अक्षरांकडं बघितलंच नाही, काठाचा पोचा बोटानं चाचपला. "लग्नासाठी घेतली त्याच दिवशी घाटावर पडली होती हातातून," ती म्हणाली. "बापानं मारलं नाही. म्हणाला, असू दे सगे, आता चोरली कोणी तर ओळखता येईल."

मला समजायला वेळ लागला. दुसरीपर्यंतचं शिक्षण. "म्हणजे तू..."

"मी."

"वीस वर्षं हेच ऐकायला येत होतीस? अग मग नाव सांगायचंस! मी ढिगात शोधलं असतं."

"तू दुसऱ्याच कळशीवर घालून आणली असतीस. मी तुला ओळखत नाही होय?"

हे खरं होतं, म्हणून मी चिडलो नाही. ती पायरीवर बसली, कळशी मांडीवर. सांगायला लागली की लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं, लक्ष्मी. "पण लक्ष्मी म्हणून कोणी हाकच मारली नाही. 'ए' म्हणायचे. नंतर इथं आले, तर आत्याबाई. सगुणा म्हणणारं माझ्या बापाबरोबर संपलं."

मी म्हटलं, "सोमवारी आमच्या पोरीच्या कानात हेच सांग. आत्या तूच."

"छट्! जित्या माणसाचं नाव देतात का कुठं?" आमच्याकडं तशी रीतच आहे, माणूस गेलं की मग त्याचं नाव मोकळं होतं. तिनं बोटं मोजून हिशेब मांडला. "नाव मोकळं व्हायला मला आधी मेलं पाहिजे. आणि मी मेले तर कानात सांगणार कोण? सोमवारपर्यंत दोन्ही कामं कशी उरकायची, तूच सांग."

आम्ही दोघं हसलो. आणि हसता हसता मी बोलून गेलो, "अग, त्या नावानं तुला हाक मारणारं आहे कोण? नाव मोकळंच आहे."

ती हसायची थांबली. मग म्हणाली, "हो की. म्हणजे मी केव्हाच मेले," आणि पुन्हा हसली. पण ते हसणं परातीचं नव्हतं. कळशी तिनं परत ढिगावर ठेवली, "बस हं सुखानं" म्हणाली, आणि वर गेली.

कळशी मी भट्टीत दिली नाही. कोणी विचारलं तर सांगतो, विसरलो.

घरात जाऊन मी जाहीर केलं की आत्या म्हणून आत्याबाईच उभी राहील, नाहीतर बारशाच्या वेळी मी पाळण्यासमोर आडवा झोपेन. सूनबाई रडली, गणपतनं समजावलं, शांताबाई भांडून गेली. माझ्या हट्टाचा मला एवढा उपयोग आयुष्यात झाला नव्हता. शेवटी सूनबाई म्हणाली, "ठीक आहे मामंजी. पण मी पाळण्याला कान लावून उभी राहणार. नलिनीशिवाय एक अक्षर बाहेर पडलं तर त्यांना तिथंच थांबवीन."

सोमवारी आळीतल्या सगळ्या बायका आल्या. घुगऱ्यांपेक्षा भांडण बघायला जास्त. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. आत्याबाई पाळण्यावर वाकली, आणि तिच्या डोक्याला डोकं लावून सूनबाई वाकली. 'कुर्र' झालं. बुक्के सुरू झाले, आणि त्या दिवशी बायकांनी मागची सगळी उधारी फेडून घेतली. मी दारातून बघत होतो. आत्याबाईचे ओठ हलले. सूनबाईचा चेहरा पांढरा पडला. आता ही ओरडणार, मी म्हटलं.

सूनबाई सरळ उभी राहिली. सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाली, "नलिनी. नलिनीच सांगितलं त्यांनी. मी ऐकलंय."

शांताबाई हिरमुसली. घुगऱ्या वाटल्या गेल्या. आत्याबाई पाठ चोळत जिना चढली, पण 'आणखी एक माझं झालं' म्हणाली नाही.

दुपारी पाहुणे गेल्यावर मी पाणी प्यायला आत गेलो. सूनबाई पाळणा हलवत होती. हळूच म्हणत होती, "झोप ग सगुणे, झोप."

मला बघून दचकली. "मामंजी, तुम्ही काही ऐकलं नाही."

"मी तांबट आहे. मला काय ऐकू येतं?"

तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं. मग मान खाली घालूनच म्हणाली, "त्या नुसतं नाव नाही बोलल्या हो. म्हणाल्या, 'सगुणा. घे बाई, मला आता लागत नाही.'"

मी पाणी न पिताच बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. सकाळीच नवा ढीग येऊन पडला. मी वर बघितलं. दार बंद होतं. मी वाट बघितली, मग मी उठलो, आळीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि ओरडलो, "हातोडे थांबवा रे!" असं आमच्या आळीत कोणी कधी म्हटलं नव्हतं, म्हणून नवलानं सगळे थांबले. मग मी वर तोंड केलं. माझ्याहून सात वर्षांनी मोठी बाई, नुसतं नाव घ्यायला जीभ उचलेना, म्हणून अक्का जोडलं, आणि छातीत होती तेवढी हवा घालून हाक मारली, "सगुणाक्का! खाली ये ग. बाया आल्यात."

ओ दोन आल्या. एक वरून, दार उघडल्याबरोबर. दुसरी माझ्या घरातून, पाळण्यातून, ट्याहां करून. मी ओट्यावर जाऊन बसलो, ढिगातलं पहिलं भांडं उचललं आणि वाचायला लागलो.